हळद, बिनपंखांची माशी आणि आतड्याचं अस्तर

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर वाचा.

गेल्या काही महिन्यांत सातारा-सांगलीच्या निरनिराळ्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. "सांगलीची हळद आतड्याचा कॅन्सर मुळापासून बरा करते. अमेरिकेला हे कळलं म्हणूनच त्यांनी हळदीचं पेटंट घेतलं होतं. आपल्या शास्त्रज्ञांनी ते परत आणलं. रोज एक चमचा घ्या, ऑपरेशन टाळा." मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातले दोघे शिक्षक. या फॉरवर्डमधलं पेटंटचं प्रकरण खरं आहे, आतड्याच्या गाठींवर हळदीचे प्रयोग झाले हेही खरं आहे. पण ही दोन खरी धाग्यांची टोकं घेऊन मध्ये जी गाठ मारलीय ती खोटी आहे, आणि शेवटचे दोन शब्द जिवावर बेतणारे आहेत. म्हणून हा सगळा इतिहास एकदा सरळ लावून सांगतो.

आधी पेटंट. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळदीची पूड वापरण्याचं पेटंट दिलं. अर्ज करणारे दोघेही संशोधक भारतीय वंशाचे होते, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत. पूड वरून लावा किंवा पोटात घ्या, दोन्ही त्यात होतं. ऑपरेशनची जखम होती, अल्सरही होता. त्या वेळी सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपले गोव्याच्या माशेलचे. त्यांच्या संस्थेनं १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज केला आणि बत्तीस पुरावे जोडले. जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते, १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले आणि सांगलीच्या हळद बाजारात आनंद झाला नसता तरच नवल. राजापुरी हळदीचा बाजार, हरिपूरची ती जमिनीखालची पेवं, एकेका पेवात वर्षानुवर्षं सुरक्षित राहिलेला माल, हा सांगलीचा अभिमान आहेच. पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण एक गोष्ट नीट बघा. पेटंट कशामुळं रद्द झालं? हळदीनं जखम भरते हे सिद्ध झालं म्हणून नाही. ही कल्पना नवीन नाही, भारतात आजीपासून सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच सिद्ध झालं. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं. ती गोष्ट खरी किती, कुठल्या जखमेवर, किती मात्रेत, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी विचारलाच नव्हता. आपण मात्र निकाल ऐकून घरी आलो ते हळद सर्व रोगांवर जिंकली असं समजून.

आता जखमेकडं येतो. आपल्याला जखम म्हटलं की गुडघा, टाच, विळ्यानं कापलेलं बोट आठवतं. पण शरीरातली सगळ्यात जास्त झिजणारी जागा आत आहे. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. एका बाजूला जेवण, जंतू, पाचकरस, पित्त. दुसऱ्या बाजूला रक्त. मध्ये ही एका पेशीएवढी भिंत. ती टिकवण्याचा शरीराचा उपाय म्हणजे ती सतत पाडून पुन्हा बांधणं. तीन ते पाच दिवसांत आतड्याचं अस्तर जवळजवळ सगळं नवं होतं. म्हणजे गेल्या रविवारी मटणाचा रस्सा ज्या पेशींनी पचवला त्यातल्या बहुतेक आज शिल्लक नाहीत.

या नव्या पेशी येतात कुठून? अस्तरात लाखो बारीक खळग्या असतात, शास्त्रज्ञ त्यांना क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक खळगीच्या तळाशी थोड्या मूळपेशी असतात. हळदवाल्यांना हे लगेच कळेल. जमिनीत जेठा गड्डा असतो, त्याला हळकुंडं फुटत जातात. हळकुंडं विकायची, जेठा गड्डा बेण्याला ठेवायचा. तसंच इथं. तळाशी मूळपेशी जागेवर राहतात, त्यांच्यापासून झालेल्या पेशी खळगीच्या भिंतीनं वर सरकत जातात, सरकता सरकता कामाला लागतात, कुणी अन्न शोषते, कुणी चिकट स्राव करते, आणि वर पोचल्या की गळून पडतात. १९७४ साली कॅनडातल्या चेंग आणि लेब्लाँ या दोघांनी उंदराच्या आतड्यात तळाच्या या बारीक पेशींकडं बोट दाखवलं होतं. पण त्याच खऱ्या मूळपेशी आहेत हे पक्कं व्हायला २००७ साल उजाडावं लागलं. ते काम नेदरलँडमधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेतलं.

आता खरी मेख. एवढा रोजचा कारखाना कोण चालवतं? कुठली पेशी वाढेल, कुठली थांबेल, हे ठरवतं कोण? उत्तर असं, की पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप म्हणजे बारीक प्रथिनं. शेजारच्या पेशीच्या अंगावर त्यांचं टपाल घेणारं प्रथिन असतं, तिथं निरोप चिकटला की आत एक साखळी सुरू होते आणि शेवट पेशीच्या केंद्रात, जनुकांपाशी होतो. आतड्यातला सगळ्यात महत्त्वाचा निरोप आहे विंट. हे नाव कुठून आलं ती गोष्ट फार सुंदर आहे आणि तिचा उगम आपल्या देशात आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

१९७२-७३ हे साल माणदेशात कुणाला समजावून सांगायला नको. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोची लाल ज्वारी. आमच्या घरात अजून कुणी ताटात अन्न टाकलं तर मिलोचा दाखला निघतो. तर त्याच १९७३ साली दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा नावाचे संशोधक फळमाश्या पाळत होते. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी ती बारकी माशी. त्यांच्या एका वाणात काही माश्यांना पंखच नव्हते. कुणाला एक, कुणाला एकही नाही. शर्मांनी माशी-संशोधकांच्या आपसातल्या एका वार्तापत्रात त्याची छोटी टिपण छापली आणि त्या वाणाला नाव दिलं विंगलेस, बिनपंखांची. १९७६ मध्ये त्यांनी व्ही. एल. चोप्रांबरोबर त्यावर पूर्ण शोधनिबंध लिहिला. हे चोप्रा पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. दुष्काळात देशाला गहू कसा पुरवायचा या चिंतेत असलेल्या संस्थेत कुणीतरी पंख नसलेली माशी मोजत बसलंय, हे त्या वेळी एखाद्या आमदाराला कळलं असतं तर विधानसभेत काय बोलला असता याची कल्पना करा.

नऊ वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेत रोएल नुसा आणि हॅरल्ड व्हार्मस हे उंदरांच्या स्तनाच्या गाठींवर काम करत होते. एक विषाणू उंदराच्या जनुकांत ठराविक जागी घुसला की गाठ होते असं त्यांना दिसलं. त्या जागेच्या जनुकाला त्यांनी इंट-१ म्हटलं. १९८७ साली माशीतला त्याचा जोडीदार शोधला, तर निघाला कोण? दिल्लीची बिनपंखांची माशी. ज्या जनुकात बिघाड झाला तर माशीला पंख येत नाहीत, तेच जनुक उंदरात नको तेव्हा चालू झालं तर गाठ होते. १९९१ मध्ये विंगलेस आणि इंट ही दोन नावं जोडून विंट हे नाव रूढ झालं. आज जगातल्या कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात विंटवर अख्खं प्रकरण असतं. आपल्याकडं बारावीच्या पोरांना हळदीचं पेटंट माहीत असतं, शर्मांचं नाव मात्र मी अजून कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही.

विंट काम कसं करतो ते कोयनेच्या भाषेत सांगतो. प्रत्येक पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं, धरणात येवा यावा तसं. एरवी धरणाचे दरवाजे उघडे असतात; म्हणजे आलेलं बीटा-कॅटेनिन लगेच नष्ट केलं जातं आणि पातळी खालीच राहते. ते नष्ट करणाऱ्या टोळीतला मुख्य गडी म्हणजे एपीसी नावाचं प्रथिन. विंटचा निरोप आला की दरवाजे खाली पडतात, पातळी चढते, बीटा-कॅटेनिन केंद्रात शिरतं आणि "वाढा, दोनाच्या चार व्हा" सांगणारी जनुकं चालू करतं. खळगीच्या तळाशी विंट भरपूर, म्हणून तिथं वाढ. पेशी वर सरकली की विंट विरळ होतो, दरवाजे पुन्हा उघडतात, वाढ थांबते. वरच्या बाजूला बीएमपी नावाचा दुसरा निरोप असतो, तो थांबा म्हणतो. नॉच नावाचा तिसरा आहे, तो ठरवतो की पेशी अन्न शोषणारी होणार की स्राव करणारी. म्हणजे खळगीच्या तळापासून तोंडापर्यंत चार-पाच निरोपांची चढउतार, आणि त्या चढउतारावर सगळं अस्तर उभं.

१९९८ मध्ये क्लेव्हर्स यांच्याच गटानं उंदरांत विंटची शेवटची कडी तोडून बघितली. जन्मलेल्या पिल्लांच्या लहान आतड्यात मूळपेशींची वस्तीच नव्हती, पिल्लं जगली नाहीत. विंट बंद तर अस्तर बंद. उलट २००९ मध्ये तोशिरो सातो यांनी एकाच मूळपेशीला योग्य निरोपांचं मिश्रण देऊन ताटलीत छोटंसं आतडंच उगवून दाखवलं, खळग्यांसकट. बियाण्याचा एक डोळा आणि बरोबर खतपाणी.

जखम झाली तर? हगवण, जंतुसंसर्ग, एखादं औषध, किरणोपचार, कशानंही अस्तराला भोक पडतं. पहिल्या काही तासांत आजूबाजूच्या पेशी वाढत नाहीत, फक्त चपट्या होऊन सरकतात आणि उघडी जागा झाकतात. ताडपत्री ओढल्यासारखं. मग विंट, ईजीएफ वगैरे निरोप जोर धरतात, मूळपेशी भराभर वाढतात. मूळपेशीच मेल्या असतील तर वरच्या, कामाला लागलेल्या काही पेशी मागे फिरतात आणि पुन्हा मूळपेशी होतात. हे मला सगळ्यात अचंब्याचं वाटतं. निवृत्त माणसानं गावची निकड बघून परत नांगर धरावा तसं.

आणि या सगळ्याला कच्चा माल लागतो. इथं एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. माधव देव यांनी व्ही. रामलिंगस्वामींबरोबर माकडांना प्रथिनं कमी असलेला आहार देऊन त्यांच्या लहान आतड्यात पेशींची आवकजावक कशी बदलते ते मोजलं. १९६५ साली तो निबंध आला. खळग्यांतली पेशींची वाढ मंदावली होती, वर सरकण्याचा वेग घटला होता. उपाशी शरीर आधी आतड्याचं अस्तर बांधण्यात काटकसर करतं. अस्तर अशक्त, म्हणून पोटात गेलेलं अंगाला लागत नाही, हगवण लवकर थांबत नाही. दुष्काळाच्या साली लहान पोरं हगवणीनं का जात होती, याचा एक धागा त्या माकडांच्या आतड्यात होता. हेच डॉ. देव पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेचे संचालक झाले. उपासमारीवरून कर्करोगावर, हा प्रवास वरवर विचित्र वाटतो. पण अस्तराच्या दृष्टीनं ती एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत, एकीकडं वाढ कमी पडते आणि दुसरीकडं ती थांबत नाही.

थांबत नाही म्हणजे काय, तर दरवाजा अडकला. एपीसी बिघडलं की बीटा-कॅटेनिन नष्ट होत नाही, विंटचा निरोप नसतानाही पातळी चढलेलीच राहते. आयर्विन पुलाला पाणी पंचेचाळीस फुटांवर गेलं की सांगलीत भोंगा वाजतो. या पेशीत रोजच पंचेचाळीस फूट, आणि भोंगा वाजवायला कुणी नाही. पेशी खळगी सोडायला तयार नाही, वाढत राहते, आणि आतड्याच्या आत एक छोटा कोंब उभा राहतो. तो पॉलिप. एपीसीचं जनुक १९९१ मध्ये सापडलं, ज्या वर्षी विंटचं बारसं झालं त्याच वर्षी. ते सापडलं अशा कुटुंबांमुळं, ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं तरुणपणी आतड्याच्या कर्करोगानं जात होती. त्यांच्यात एपीसीची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. विशीच्या आत मोठ्या आतड्यात शेकड्यानं, कधी हजारानं पॉलिप येतात आणि मोठं आतडं वेळेत काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेला. मग कळलं की ज्यांच्या घरात असं काही नाही, त्यांच्याही मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत पहिला बिघाड एपीसीचाच असतो. फरक एवढाच की तो जन्मानं आलेला नसतो, एखाद्या पेशीत आयुष्यात कधीतरी होतो.

एका पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. सगळे पॉलिप तिथवर जातही नाहीत. ही दहा वर्षं लक्षात ठेवा, पुढं लागतील.

जखम आणि गाठ यांचं नातं आपल्याकडं फार पूर्वी एका माणसानं ओळखलं होतं. डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडं होती. १९४५ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर असे कर्करोग नोंदवले जे फक्त आपल्या चालीरीतींमुळं होतात. त्यात एक होता धोतराचा कर्करोग. कमरेला रोज त्याच जागी धोतराची किंवा लुगड्याची करकचून गाठ, घाम, घासण, कातडीवर घट्टे, मग न भरणारं क्षत, आणि वर्षानुवर्षांनी त्याच जागी गाठ. विंट, एपीसी यांतलं काही तेव्हा माहीत नव्हतं. पण जी जागा सतत दुखावते आणि सतत दुरुस्त होत राहते तिथं दुरुस्तीचा कारखाना कधीतरी बेताल होतो, एवढं त्यांनी रुग्णांच्या कमरेवरून वाचलं. १९८६ मध्ये हॅरल्ड ड्व्होराक या अमेरिकी डॉक्टरांनी लिहिलं की गाठ म्हणजे न भरणारी जखमच. आतड्यातही हेच दिसतं. मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि व्रण असणाऱ्यांना, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्यांना, कर्करोगाचा धोका वाढतो.

म्हणजे जखम भरणारा निरोप आणि गाठ वाढवणारा निरोप एकच. आता हळदीकडं परत येऊ. फॉरवर्ड म्हणतो, हळद जखम भरते आणि कॅन्सरही मारते. विंट कळलेल्या माणसाला इथंच शंका यायला हवी. जे औषध अस्तराला "वाढ" म्हणेल ते गाठीला "थांब" कसं म्हणेल? अशक्य आहे असं नाही, पण आपोआप खरंही नाही. तपासून बघावं लागतं.

तपासलं गेलंय. हळदीतला पिवळा घटक कुरकुमिन. प्रयोगशाळेच्या ताटलीत कर्करोगाच्या पेशींवर कुरकुमिन टाकलं की बीटा-कॅटेनिनची साखळी मंदावते, असे ढिगानं निबंध आहेत. ते पोटातून रक्तात फारच कमी जातं, हा त्याचा मोठा दोष. पण आतड्याच्या बाबतीत तोच गुण ठरेल असं वाटलं, कारण रक्तात न गेलेलं आतड्यातच राहणार आणि पॉलिपही तिथंच. तर्क चांगला होता. २००६ साली अमेरिकेत त्या जन्मजात पॉलिपवाल्या पाच रुग्णांना कुरकुमिन आणि क्वेर्सेटिन असं जोडऔषध सहा महिने दिलं. पॉलिपांची संख्या सुमारे साठ टक्क्यांनी कमी झाली. फॉरवर्डमधलं "अमेरिकेनं मान्य केलं" ते बहुधा इथून आलंय. पाच रुग्ण, आणि तुलनेला दुसरा गट नाही.

मग त्याच संशोधकांनी जे करायला हवं ते केलं. हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. पोर्तो रिको आणि अमेरिकेतले चव्वेचाळीस रुग्ण घेतले, निम्म्यांना शुद्ध कुरकुमिन रोज तीन ग्रॅम, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या, बारा महिने. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. २०१८ मध्ये निकाल छापला. पॉलिपांच्या संख्येत फरक नाही, आकारातही नाही. ज्या वर्षी सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं त्याच वर्षी. मानांकनाची बातमी आपल्याकडं पहिल्या पानावर आली, ही आलीच नाही.

हिशेब करून बघा. हळदीत कुरकुमिन ढोबळमानानं तीन टक्के. रोज तीन ग्रॅम कुरकुमिन म्हणजे रोज शंभर ग्रॅम हळदपूड. फॉरवर्डमधला चमचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि शंभर ग्रॅमएवढं देऊनही पॉलिप हलले नाहीत. शिवाय बाजारात मिळणाऱ्या जास्त मात्रेच्या कुरकुमिन गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडं अमेरिका आणि इटलीत झाल्या आहेत. गोळ्यांबद्दल बोलतोय, आमटीतल्या हळदीबद्दल नाही. हळदवाल्या मित्रांनो, रागावू नका. तुमच्या मालाला रंगाचा, वासाचा, टिकण्याचा भाव मिळतो आणि मिळावा. त्याला कॅन्सरच्या औषधाचं लेबल लावायची गरज नाही.

एवढं सगळं लिहायचं कारण आता सांगतो. साताऱ्याहून सांगलीला एसटीनं या आणि रस्त्याकडेचे बोर्ड मोजा. "मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज." शौचावाटे रक्त पडलं की आपला माणूस तिथं जातो, कारण लाज. बाई असेल तर तिथंही जात नाही. माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांवर दीड वर्ष मूळव्याधीचा इलाज चालला होता. क्षारसूत्र, मलम, पुड्या, आणि अर्थात हळदीचं दूध. दीड वर्षात कुणीही एकदाही बोटानं तपासलं नाही. गाठ गुदाशयात होती, बोट पोचलं असतं इतक्या खाली. निदान झालं तेव्हा ती यकृतापर्यंत गेलेली होती. वय एकोणपन्नास.

हे एकट्याचं दुर्दैव नाही. टाटा मेमोरियलमध्ये आलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचा जो आढावा २०१७ मध्ये छापला गेला त्यात सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं, आणि गुदाशयाच्या गाठींचं प्रमाण मोठं. पाश्चात्य देशांत हा प्रामुख्यानं साठी ओलांडलेल्यांचा आजार. आपल्या शेजारी बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिच्या नोंदींत गर्भाशयमुखाचा कर्करोग वर आणि मोठ्या आतड्याचा फार खाली. म्हणजे आपल्या खेड्यांत हा आजार कमी आहे, ही खरी आणि चांगली गोष्ट. पण कमी आहे म्हणूनच डॉक्टरच्या मनातही तो येत नाही, आणि रक्त म्हणजे मूळव्याध हे समीकरण पक्कं होतं.

ती दहा वर्षं आठवा. पॉलिप असतानाच दुर्बिणीनं दिसला तर त्याच बैठकीत तारेच्या फासानं काढता येतो. पोट उघडावं लागत नाही. ही तपासणी साताऱ्यात होते, कराडला होते, सांगली-मिरजेत होते. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं तेव्हा दूरदूरच्या संस्थानांतून माणसं बैलगाडीनं ऑपरेशनला यायची. आज दारात सोय आहे आणि माणूस बोर्ड वाचून दुसरीकडं वळतो.

कुणी जावं? चाळिशी ओलांडलेली असताना शौचावाटे रक्त पडत असेल, मग मूळव्याध आधीपासून असली तरी. शौचाची सवय महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त काळ बदलली असेल. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कारण नसताना कमी होत असेल. आईवडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा खूप पॉलिप झाले असतील, तर तक्रार नसतानाही. आणि वय काहीही असो, मूळव्याधीवर इलाज सुरू करण्याआधी डॉक्टरनं बोटानं तपासलं का, एवढं विचारा. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. तपासायला नकार देणारा डॉक्टर बदला.

आणि एक प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींसाठी. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या लोकांची कर्करोग तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन जागांची. आपल्या भागातले आकडे बघता हा क्रम बरोबरच आहे, त्यात मला वाद नाही. सगळ्या गावाची दुर्बीण करा असंही मी म्हणत नाही, परवडणार नाही आणि गरजही नाही. पण आशाताईंच्या त्या फॉर्मवर "शौचावाटे रक्त पडतं का" आणि "घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का" हे दोन प्रश्न वाढवायला आणि 'हो' म्हणणाऱ्याला ग्रामीण रुग्णालयात बोटानं तपासायला किती खर्च येईल? सातारा आणि सांगली या दोन जिल्हा परिषदांनी आपल्या पातळीवर हे करून बघायला हरकत नसावी. माझ्या ओळखीच्या दोन सदस्यांना ही पोस्ट टॅग करतोय. उत्तर आलं तर खाली टाकतो.

हळदीचं दूध प्यायचं की नाही असं कमेंटमध्ये विचारणारच आहात, म्हणून आत्ताच सांगतो. आवडत असेल तर प्या. मी पण पितो, गूळ घालून.

तो फॉरवर्ड ज्या ग्रुपवर आला असेल तिथं ही लिंक टाका. पाठवणाऱ्याला नावं ठेवू नका. बहुतेकांनी तो कुणाच्या तरी काळजीपोटीच पुढं ढकललेला असतो.